तिसऱ्या पाळीचे काय करायचे?

‘सारखी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली असते’ हे वाक्य आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी ऐकलेले आहे. सासू सुनेबद्दल म्हणते, नवरा बायकोबद्दल म्हणतो, बाप मुलीबद्दल, आणि अलीकडे मुलगी आईबद्दलही. बाईच्या हाताशी चार मिनिटे मोकळी दिसली की घरादाराच्या पोटात दुखते, यात नवे काही नाही. पूर्वी ती दारात उभी राहिली, पाणवठ्यावर रेंगाळली किंवा कादंबरी घेऊन बसली की हेच ऐकायची. आता तिच्या हातात फोन आहे, एवढाच फरक.

पण गेल्या काही वर्षांत दुसरे एक वाक्यही कानावर पडू लागले आहे, आणि ते आपल्यातल्याच मैत्रिणी बोलतात. ‘ग्रुपवर इतका वेळ जातो की काही सुचत नाही.’ ‘रात्री साडेअकराला मेसेज बघितले नाहीत तर सकाळी शंभर साठलेले असतात.’ ‘बैठकीला यायला जमत नाही, पण मी ग्रुपवर असते.’ वस्तीतल्या बचत गटापासून जिल्ह्याच्या समन्वय समितीपर्यंत ही तक्रार मी ऐकते. तिच्यावर ठरलेले उत्तर असते : समतोल साध. फोन बाजूला ठेवायला शीक. स्वतःला शिस्त लाव.

मला हा ‘समतोल’ शब्द खटकतो. बायका नोकरी करू लागल्या तेव्हाही त्यांना घर आणि नोकरी यांचा समतोल साधायला सांगितले गेले होते. त्या तारेवरच्या कसरतीचे कौतुकही झाले. तार कुणी बांधली, आणि त्या तारेवर पुरुष का दिसत नाहीत, हे विचारायला मात्र चळवळ उभी राहावी लागली. फोनवरच्या समूहांत जाणाऱ्या वेळाबद्दलही आपण तोच प्रश्न विचारायला हवा. हा प्रश्न एकेकीच्या स्वभावाचा किंवा व्यसनाचा आहे असे मानले तर उत्तरही एकेकीनेच शोधायचे. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न श्रमाचा आहे आणि सत्तेचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आपण मिळून, नियम करून शोधले पाहिजे.

वेळ आणायचा कुठून?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर पाहणी केली आणि २०२४ मध्ये ती पुन्हा केली. २०२४ च्या पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ८८ मिनिटे. मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे यांची काळजी घेण्यात बायकांची १३७ आणि पुरुषांची ७५ मिनिटे. २०१९ मध्ये घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे सुटली, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे सोडवून घेतली!

या पाहणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात काय केले ते विचारतात. एका तुकड्यात बरीच कामे झाली असतील, तर किमान दहा मिनिटे चाललेली कामे नोंदतात. आता आपला दिवस आठवा. कणीक मळता मळता कोपराने फोन सरकवून पाहिलेला मेसेज. रिक्षात बसल्या बसल्या भरलेली माहिती. मुलाच्या अभ्यासाशेजारी बसून वाचलेले सदतीस निरोप. यातले काहीच सलग दहा मिनिटांचे नसते. फोनवरचा आपला वेळ हा असा चुरा झालेला वेळ आहे. कुठल्या तक्त्यात तो धड बसत नाही. तो झोपेतून येतो, जेवणातून येतो, दोन कामांच्या मधल्या श्वासातून येतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांचे ‘द सेकंड शिफ्ट’ हे पुस्तक १९८९ मध्ये आले. नोकरीची पाळी संपवून घरी आलेल्या बाईची घरकामाची दुसरी पाळी सुरू होते, हे त्यांनी मांडले. आपल्याकडे तिला आता तिसरी पाळी जोडली गेली आहे. तिची सुरुवातीची घंटा नाही आणि सुटीची तर नाहीच.

फोनमध्ये कोण कोण आहे?

एका शिबिरात आम्ही साधा खेळ घेतला. प्रत्येकीने आपल्या फोनमधले ग्रुप कागदावर लिहायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचे, ‘हा कुणासाठी?’ बावीस बायका होत्या. कुणाच्या यादीत नऊ नावे निघाली, कुणाच्या चाळीसच्या वर. शाळेच्या वर्गाचा ग्रुप, त्यात बहुतेक आयाच. वडिलांचा फोन शाळेकडे दिलेला असला तरी निरोप आईनेच वाचायचा. सासरचा ग्रुप, माहेरचा ग्रुप. तिथे कुणाचा वाढदिवस, कुणाचे वर्षश्राद्ध हे लक्षात ठेवून दोन ओळी टाकण्याचे काम सुनेचे. सोसायटीचा, भिशीचा, बचत गटाचा. मग कार्यालयाचे : एक साहेबांचा, एक अहवालांचा, एक ‘तातडीचा’. मग संघटनेचे. आणि सगळ्यांत खाली, बहुतेकींच्या यादीत एखादाच, शाळेतल्या मैत्रिणींचा किंवा गाण्यांचा किंवा रानभाज्यांचा. त्याच्यापुढे लिहिलेले, ‘माझ्यासाठी’.

नंतर विचारले, वेळ कमी करायचा झाला तर यातला कुठला ग्रुप बंद कराल? जवळजवळ सगळ्यांनी त्या शेवटच्या नावावर बोट ठेवले.

‘समतोल साधा’ या उपदेशाचा परिणाम असा होतो. साहेबांचा ग्रुप बाई बंद करू शकत नाही, सासरचा बंद केला तर बोभाटा होतो. मग कात्री लागते ती तिच्या स्वतःच्या इवल्याशा जागेला. म्हणून ‘फोनवरचा वेळ’ असे एकच गाठोडे बांधून त्याबद्दल बोलणे मला धोक्याचे वाटते. त्यात लादलेले काम आहे, नाती सांभाळण्याचे काम आहे, चळवळीचे काम आहे आणि थोडा विरंगुळा आहे. चारही वेगळे काढल्याशिवाय काय कमी करायचे हे ठरणारच नाही.

लादलेल्या कामाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आले. इंग्रजी अ‍ॅप, कमी क्षमतेचे तापणारे सरकारी फोन, दुरुस्तीचा खर्च पदरचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्या आंदोलनाकडे तेव्हा अनेकांनी ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ अशा नजरेने पाहिले. प्रत्यक्षात त्या सांगत होत्या, की आमच्या वेळेला आणि आमच्या भाषेला किंमत द्या. एक सेविका मला म्हणाली होती, “ताई, पोराला खाऊ घातलं याचा पुरावा देण्यात पोराला खाऊ घालायचा वेळ जातो.”

कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्यांना असावा, असे खाजगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. १९७० नंतर एकही खाजगी विधेयक संसदेत कायदा झालेले नाही, तेव्हा त्याचे भवितव्य सांगायला नको. पण मुद्दा महत्त्वाचा होता. आणि त्यापुढचा प्रश्न आपला आहे : जिला ‘कर्मचारी’ म्हणूनच मानत नाहीत, तिच्या कामाची वेळ संपते कधी? आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका मानधनावर. दिवसाचे तास ठरलेले नाहीत, म्हणून रात्रीचेही नाहीत.

भोंगा आणि बंदी

फोनवर मर्यादा घालायची, तर ती कुणी घालायची आणि कुणावर घालायची? दोन गावांची गोष्ट शेजारी ठेवून पाहू.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात सूरज नावाचे गाव आहे. तिथे २०१६ च्या फेब्रुवारीत गावाने ठराव केला, की अविवाहित मुलींनी मोबाईल वापरायचा नाही. वापरल्यास २,१०० रुपये दंड. कारण काय, तर अभ्यासाकडे दुर्लक्ष होते. मुलांचा अभ्यास बहुधा फोनने बिघडत नसावा!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावातही काळजी मुलांच्या अभ्यासाचीच होती. टाळेबंदीत शाळा फोनवर भरली, आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा फोन सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे बायकांची सभा झाली आणि भोंगा बसवायचे ठरले. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांचे बंद, मुलींचे बंद, आईचे बंद आणि बापाचेही बंद.

दोन्हीकडे ‘फोन बंद’ हेच घडले. पण पहिली बंदी मुलींवर पाळत ठेवण्यासाठी होती. दुसरी गावाने स्वतःवर घातलेली, ठरलेल्या वेळेपुरती आणि सगळ्यांना सारखी होती. वडगावच्या गोष्टीतही एक मेख आहे. भोंगा वाजल्यावर घरोघर जाऊन लोकांना समजावण्यासाठी जी माणसे लागली, त्यांत आशाताई आणि अंगणवाडी सेविका होत्याच. गावाच्या मोकळ्या वेळेची राखण करण्यात कुणाची संध्याकाळ गेली, हे आपण विचारायलाच हवे. तरी तत्त्व म्हणून मला वडगावचा मार्ग जवळचा वाटतो. नियम मिळून ठरवलेला असावा आणि सर्वांना लागू असावा.

बंदीबद्दल सावध राहायचे आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींचा छळ फोनपासून सुरू होतो. ‘रात्री साडेबाराला ऑनलाईन दिसत होतीस, कुणाशी बोलत होतीस?’ ‘मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, मग उत्तर का नाही दिलंस?’ जिचे माहेर, जिची मैत्रीण, जिची मदतीची वाट त्या फोनमध्येच आहे, तिला ‘फोन कमी कर’ म्हणणे म्हणजे खिडकी लावून घे म्हणणे. टाळेबंदीत घराचे दरवाजे बंद असताना राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू करावा लागला, तो काही उगाच नाही.

आपल्याच घरात डोकावू

सरकार आणि सासर यांच्याबद्दल बोलणे सोपे असते. आपल्या संघटनांचे काय?

जुन्या ताया सांगतात, बैठकीचे पोस्टकार्ड आठ दिवस आधी टाकावे लागे. आज निरोप क्षणात पोचतो. ही फार मोठी सोय आहे. पोलीस ठाण्यात एखादीची तक्रार घेत नसतील, तर अर्ध्या तासात पाचजणी तिथे जमतात, त्या ग्रुपमुळेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’च्या वेळी एकेकट्या बायकांना पहिल्यांदा ‘मलाही’ म्हणता आले, तेही अशाच जागांमुळे. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण ग्रुपने बैठकीची जागा घेतली की काय होते? ‘कुणाची हरकत नाही ना?’ असा मेसेज रात्री दहाला येतो. सकाळी आठपर्यंत चार अंगठे उमटतात आणि निर्णय झालेला असतो. जिचे रिचार्ज संपले होते, जिचा फोन मुलगा क्लासला घेऊन गेला होता, जिला मराठी टाइप करायला वेळ लागतो, तिची मूकसंमती धरली जाते. धुणीभांडी करणारी मावशी बैठकीत ठणकावून बोलते, ग्रुपवर फक्त हात जोडल्याचे चित्र टाकते. जो फ्रीमन या स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे, की रचना नसलेल्या गटात सत्ता नाहीशी होत नाही, ती लपते. आपल्या ग्रुपांना हे तंतोतंत लागू पडते. तिथे अध्यक्ष नाही, इतिवृत्त नाही, पण जिला वेळ आहे आणि जिला झटपट लिहिता येते, तिचे राज्य आहे. आणि वेळ कुणाला असतो? जिच्या घरी स्वयंपाकाला बाई येते तिला.

भांडणांचेही तसेच. समोरासमोर ‘अगं, तसं नव्हतं मला म्हणायचं’ एवढ्यात मिटणारी गोष्ट ग्रुपवर तीन दिवस धुमसते, कुणीतरी ‘लेफ्ट’ होते आणि दहा वर्षांची मैत्री तुटते. चहाच्या कपाची जागा बोटांनी भरून निघत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा गुप्ततेचा. पीडित मुलीचे नाव, तिच्या एफआयआरचा फोटो, तिची व्यथा सांगणारी ध्वनिफीत मदतीच्या तळमळीने ग्रुपवर येते. दोनशे जणींचा ग्रुप म्हणजे दोनशे घरांतले दोनशे फोन, आणि त्यांतले कितीतरी नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या हातात असतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी, जिने विश्वासाने आपल्याला सांगितले तिची गोष्ट आपण अशी वाऱ्यावर सोडू शकत नाही.

मग काय करावे?

कुठलीही एकटी कार्यकर्ती ‘मी आता रात्री फोन बघणार नाही’ म्हणाली, तर तिच्यावर बेजबाबदारपणाचा शिक्का बसतो. गटाने मिळून ठरवले, तर तोच नियम होतो. म्हणून काही गोष्टी चर्चेला ठेवते.

पहिली, ग्रुप निरोपासाठी आणि तातडीसाठी. निर्णय बैठकीत. बैठकीला येऊ न शकणारीला आदल्या दिवशी फोन करून तिचे म्हणणे विचारायचे आणि ते इतिवृत्तात लिहायचे.

दुसरी, रात्री नऊ ते सकाळी सात ग्रुप शांत. संकटातल्या बाईसाठी संघटनेचा एक वेगळा क्रमांक, आणि तो आठवडाभर एकीकडे, पुढच्या आठवड्यात दुसरीकडे. सगळ्यांनी सदासर्वकाळ जागे राहण्यापेक्षा एकीने पाळीने जागे राहावे, बाकीच्यांनी निवांत झोपावे. वस्तीतल्या प्रत्येकीला १८१ ही महिला हेल्पलाईन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक पाठ असावा.

तिसरी, नाव, फोटो, कागदपत्रे ग्रुपवर अजिबात नाहीत. ‘एका मैत्रिणीला अमुक ठाण्यात मदत हवी आहे’ एवढेच. बाकी प्रत्यक्ष बोलण्यात.

चौथी, रिचार्जचा खर्च आणि फोनवरचे काम दोन्ही कामाच्या हिशेबात धरायचे. संस्थेची पगारी कार्यकर्ती असेल, तर रात्री भरलेला अहवाल हा तिचा जादा वेळ आहे. आपण सरकारकडे मागतो ते आधी आपल्या कार्यालयात द्यावे.

पाचवी, वाद पेटला की कुणीही एकीने ‘बैठकीत बोलू’ एवढे लिहावे आणि बाकीच्यांनी तिथे थांबावे.

आणि सहावी गोष्ट घरातली. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांना शुभेच्छा देण्याचे काम यातले निम्मे घरातल्या पुरुषाच्या फोनवर जायला हवे. पोळ्या लाटण्याइतकेच हेही घरकाम आहे. २८९ आणि ८८ या आकड्यांमधले अंतर तिथूनही कमी करता येईल.

यातून जो वेळ वाचेल त्याचे काय करायचे, हे मात्र कुणी कुणाला सांगू नये. वाचलेला वेळ लगेच मुलांना, स्वयंपाकाला किंवा चळवळीलाच द्यायचा, असा हिशेब मला मान्य नाही. एखादी झोपेल. एखादी दारात नुसती उभी राहील. एखादी त्याच फोनवर रानभाज्यांच्या ग्रुपात तासभर रमेल, आणि तो वेळ तिचा असेल. बाईच्या वेळेवर बाईचा हक्क, एवढेच तर आपण इतकी वर्षे म्हणत आलो आहोत.

येत्या बैठकीत तुमच्या गटातही ग्रुपांच्या यादीचा तो खेळ जरूर घ्या. कागद, पेन आणि अर्धा तास पुरतो. तुमच्याकडे काय निघाले, कोणते नियम ठरले, कोणते टिकले आणि कोणते मोडले, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. सवडीने लिहा, रात्री जागून नको.